गल्लीभर ताट

आमच्या घरमालकीणबाईंना सल्ला देणं महागात पडायचं. मला ते अनेकदा पडलं, कारण मी शिक्षक, आणि समोर आजारी माणूस दिसलं की न विचारता काहीतरी सांगण्याची खाज मला इतरांपेक्षा अंमळ जास्तच. ती अजूनही आहे. फक्त आता तोंड उघडण्याआधी मी इकडेतिकडे बघून घेतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सेलूच्या एका ज्युनिअर कॉलेजात मला रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली. मी कोल्हापूरकडचा. वर्धा जिल्हा तोवर फक्त भूगोलाच्या नकाशात भरलेला, आणि बहुधा चुकीच्या जागी भरलेला. ट्रंक आणि वळकटी घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. पुढे बंद पडलेलं किराणा दुकान, मागे त्यांचं घर, वर माझी खोली. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो.

पहिल्या दिवशी त्यांनी जेवायलाच बसवलं. वांग्याची भाजी होती, वर लाल तर्री.

"मास्तर, तिखट चालन ना तुले?"

"काकू, आम्ही कोल्हापूरचे!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "मिरची खातच मोठे झालो."

दुसऱ्या घासाला माझे कान गरम झाले. तिसऱ्याला डोळ्यांतून धारा. नाक पुसावं तर तोच हात तर्रीचा.

"काऊन रडून राह्यला?"

"नाही, नाही. डोळ्यात काहीतरी गेलं."

त्यांनी पाण्याचा गडवा माझ्याकडे सरकवला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "हो बाप्पा," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे जेवताना लय जणायच्या डोळ्यात जाते."

त्या दिवसापासून मी काकूंच्या ताब्यात गेलो.

उंच बाई. साठीच्या अलीकडच्या. यजमान गेल्यावर दुकान त्यांनी एकटीनं बरीच वर्षं चालवलं. गुळाची नवी भेली फुटली की पहिला खडा स्वतःच्या तोंडात. शेंगदाण्याचं पोतं उघडलं की पहिली मूठ त्यांची. "मी खाल्ल्याबिगर विकत नाई," असं त्या गिऱ्हाइकाला ठणकावून सांगत. दुकान बंद झालं, पण हा नियम त्यांनी बंद केला नाही. उलट तो मालावरून माणसांवर आणला. कुणी काही सांगितलं की त्या म्हणायच्या, "आधी तू करून दाखव."

मी राहायला गेलो त्याच्या आधी त्यांचं छातीचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. दुसऱ्या वर्षी पाठ दुखू लागली, तपासण्या झाल्या आणि कळलं की आजार परत आला आहे. मणक्यात आणि यकृतात. गल्लीत त्याचं नाव कुणी घेत नसे. 'ते' म्हणत, नाहीतर नुसतीच मान हलवत. काकू मात्र कॅन्सर हा शब्द मोठ्यानं म्हणायच्या, एखाद्या ओळखीच्या चावट माणसाचं नाव घ्यावं तसा.

"आता तो जात नाई म्हणते डॉक्टर. भाडेकरू हाये, तुह्यासारखा. औषधानं फक्त आवाज कमी करन."

आजाऱ्याला भेटायला येताना आपल्याकडे माणसं दोन वस्तू आणतात, केळी आणि पथ्य. केळी काकू ठेवून घेत. पथ्य परत करत. आंजीहून त्यांच्या नणंदबाई आल्या तेव्हाचा प्रसंग माझ्यासमोर घडला.

"वहिनी, तूर बंद करा. तूर लय वातूळ."

"बरं. तुम्ही कवापासून बंद केली?"

"मी? मी कायले बंद करू? मले काय झालं?"

"मंग आठ-पंधरा दिवस करून पाहा. मानवलं का मले सांगजा."

नणंदबाई चहा अर्धा टाकून गेल्या. कुणी दूध सोडायला सांगितलं, कुणी भात, कुणी आंबट, कुणी जमिनीखाली उगवणारं सगळं. प्रत्येकाला तेच उत्तर. आजार बघायला येणारी माणसं हळूहळू कमी झाली. नुसत्या गप्पा मारायला येणारी तेवढी राहिली.

हे सगळं डोळ्यांनी बघूनही मी काय केलं असेल? एक दिवस जिन्यात उभा राहून म्हणालो, "काकू, मीठ कमी करायला हवं तुम्ही. सोडियम."

"सोडियम का?" त्या एवढंच म्हणाल्या.

माझा जेवणाचा डबा एका घरापलीकडच्या चक्कीवाल्या वहिनींकडून यायचा. गल्लीतली पिठाची चक्की त्यांच्या घरची. दुसऱ्या दिवशीपासून डब्यातलं मीठ गायब झालं. मला वाटलं वहिनी विसरल्या. तिसऱ्या-चौथ्या जेवणाला विचारायला गेलो तर म्हणाल्या, "काकूचा निरोप हाये, मास्तरनं मीठ सोडलं म्हून. लय चांगलं केलं बाप्पा, एवढ्या तरण्या वयात!" आठवडाभर मी फुशारकीत ते गिळलं. मग एका सकाळी काकूंच्या स्वयंपाकघरातून मिठाची चिमूट चोरताना सापडलो. त्यांनी बरणीच माझ्या हातात दिली आणि सोडियमचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

पण मूर्खपणाला माझ्याकडे कायमचा परवाना होता. कुठल्याशा साप्ताहिकात गव्हाच्या कोवळ्या पातीच्या रसाबद्दल वाचलं. त्या काळात घरोघरी ते वेड होतं. मी प्रयोगशाळेतले जुने ट्रे आणले, गच्चीत गहू पेरला, पाती वाटल्या आणि हिरवागार पेला काकूंपुढे धरला. त्यांनी वास घेतला.

"तू पिऊन पाह्यलं?"

"मला काय झालंय?"

शब्द तोंडातून गेले आणि त्याच क्षणी मला आंजीच्या नणंदबाई आठवल्या. पेला मी संपवला. पुढच्या तासाला फळ्यावर समीकरण लिहिताना पोटात जी रासायनिक क्रिया सुरू झाली, तिचा समतोल काही केल्या साधेना. परत आलो तर मागच्या घरची शेळी आमच्या अंगणात माझे ट्रे साफ करत होती. काकू ओट्यावर बसून कौतुकानं बघत होत्या. "हिले मी काई विचारलं नाई," त्या म्हणाल्या. "हिनं सांगतलंच नाई कोणाले. गुमान खाल्लं."

सल्ला देणाऱ्यांपैकी एकच व्यक्ती त्यांच्या परीक्षेत पास झालेली मी पाहिली. नागपूरच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण. काकूंचा मुलगा नागपुरातच कापडाचं दुकान चालवायचा, पण लग्नसराईत त्याला सवड नव्हती, म्हणून एसटीनं मीच सोबत गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी घाई न करता समजावलं. आजार पूर्ण जाणार नाही, पण म्हणून अंथरूण धरायचं नाही. झेपेल तेवढं रोज चालायचं. दुखलं किंवा दम लागला की थांबायचं. मणके नाजूक झालेत, तेव्हा ओझं उचलायचं नाही, कमरेत पिळा द्यायचा नाही, धसमुसळेपणा नाही. ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजतो, तो भिंतीवर हळूहळू वर न्यायचा. खुर्चीवरून उठायचं, बसायचं. आणि वजन घटू द्यायचं नाही. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा खायचं. वरण, दूध, दाणे, जमलं तर अंडं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मी डोळे मिटले, कारण पुढचा प्रश्न मला पाठ होता.

"तू चालतं का वो बाई?"

"रोज सकाळी," डॉक्टरीणबाई हसल्या. "नाहीतर इथं दिवसभर उभं राहता येत नाही."

"अन् अंडं?"

"रोज एक."

बाहेर पडल्यावर काकू बाकावर बसल्या. त्यांच्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं. शेवटी उठल्या. "पास झाली पोट्टी," म्हणाल्या. "आता करा लागन."

घरी आल्यावर त्यांनी व्यायाम लावला तोही त्यांच्या तऱ्हेचा. भिंतीवर हात चढवायचा तर बोटांना हळद लावून. रोज पिवळी बोटं कालच्यापेक्षा किती वर गेली ते कळायचं. पांढऱ्या भिंतीवर ती नक्षी बघून पाहुण्यांना वाटायचं, घरात काही मंगलकार्य झालं. खुर्चीवरून उठण्यासाठी त्यांनी कुकर निवडला होता. आपल्या किंवा शेजारच्या घरात शिट्टी झाली की उठायचं, दुसरी झाली की बसायचं. एकदा चक्कीवाल्या वहिनींचा कुकर दुसरी शिट्टी द्यायलाच तयार नव्हता. काकू खुर्चीचा हात धरून उभ्याच, आणि तिकडे बघून ओरडताहेत, "अवो, गॅस मोठा करा ना! मले बसू द्या!"

खाण्याचं मात्र जमेना. सलाईनची औषधं सुरू झाली आणि त्यांचं तोंड आलं. जिभेला चव राहिली नाही. "खिळा चोखल्यावाणी वाटते," म्हणायच्या. भरलेलं ताट समोर आलं की पोटात ढवळायचं. ज्या बाईनं आयुष्यभर पहिला खडा आपल्या तोंडात टाकला, ती ताटावरून उठू लागली. ब्लाऊज ढगळ झाले. गालांची हाडं वर आली. चालणंही मग दारापासून दारापर्यंत.

अशाच एका संध्याकाळी त्या चक्कीवाल्या वहिनींच्या ओट्याशी टेकल्या होत्या. मी बाजूलाच होतो. वहिनी मऊ वरणभात कालवत होत्या, वर तूप. बोलता बोलता त्यांनी एक लहान वाटी काकूंच्या हातात दिली, आणि बोलता बोलताच काकूंनी ती संपवली. रिकाम्या वाटीकडे त्या अशा बघत राहिल्या की जणू वाटी त्यांच्याशी काही खोटं बोलली.

"मास्तर," घरी येताना म्हणाल्या, "ताटानं होत नाई. वाटीनं होते."

दुसऱ्या दिवसापासून आमची गल्ली हेच त्यांचं ताट झालं. आमच्या शेजारी कुसुमताई. त्यांच्या दारात अर्धा पेला दूध, दोन खारका. पुढे चक्कीवाल्या वहिनींकडे वरणभात. त्यापुढे एका कंपाउंडरचं घर. तिथं उकडलेलं अंडं. ते दाराआड, पदराखाली आणि यजमानांच्या फोटोची मनातल्या मनात माफी मागून. सगळ्यात शेवटी, गल्लीच्या टोकाला यमुनाबाई. काकूंच्या बरोबरीची विधवा बाई, हाताला चव अशी की गावात नाव. त्यांच्याकडे मऊसूत झुणका आणि ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा. एका दारातून दुसऱ्या दारात जाईपर्यंत थोडी भूक लागायची, आणि त्या दारातल्या वाटीनं तिसऱ्या दारापर्यंत चालायचं बळ यायचं. तोंड आलेलं असल्यानं काकूंच्या वाटीत मिरची घालायची नाही, हा गल्लीचा कायदाच झाला. बिनमिरचीचा झुणका हा त्या भागात जवळजवळ अपराध, पण यमुनाबाईंनी तोही केला.

माझं काम स्टूल. काकूंना कुठंही दम लागला की टेकायला, म्हणून मी लाकडी स्टूल घेऊन मागे चालायचो. कॉलेजातल्या पोरांनी पाहिलं. पुढच्या आठवड्यात फळ्यावर माझं नाव होतं, 'स्टूलसर'. मी ते पुसलं नाही. अक्षर चांगलं होतं.

बरं चाललं होतं. वजनाचा काटा स्थिर झाला, नागपूरच्या डॉक्टरीणबाई खूश. आता चांगलं चाललेलं काही बघितलं की त्यात सुधारणा करायची, हा माझा दुसरा रोग. वैशाख आला. विदर्भातला वैशाख म्हणजे संध्याकाळीसुद्धा ओटे तापलेले. मला वाटलं, या बाईनं चार वाट्यांसाठी एवढं का चालावं? माझ्याकडे चार पुडांचा डबा होता. मी सायकलवरून चारही घरं फिरलो, एकेक पूड भरून घेतला आणि काकूंच्या पलंगापाशी डबा उघडून ठेवला. स्वतःवर असा खूश की विचारू नका.

त्यांनी चारही पुडांत डोकावून पाहिलं. "हे तर ताटच झालं," म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या.

मी म्हटलं, उन्हामुळे असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा. तिसऱ्या दिवशीही. डबे मीच संपवत होतो आणि मनात म्हणत होतो, औषधाचा परिणाम दिसतो. मग एका सकाळी कुसुमताईंच्या कुकरची शिट्टी झाली. काकूंनी खुर्चीचे हात धरले, अंग पुढे झोकलं आणि उठता आलं नाही. पुन्हा झोकलं. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. त्या बसलेल्याच होत्या. मला हाक मारली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, डब्यात सारं आणलं तू. कुसुमचं बोलणं काऊन नाई आणलं? ते खाऊन मी पुढं जाते ना."

त्या संध्याकाळी मी डबा माळ्यावर टाकला आणि स्टूल खाली घेतलं. गल्ली पुन्हा पहिल्या दारापासून सुरू झाली, आणि शेवटच्या दारापर्यंत पोचायला पावसाळा उजाडला.

त्याच सुमाराला मुलगा आला, जीप घेऊनच. आंजीच्या आत्यानं नागपूरला जाऊन सांगितलं होतं, तुझी आई दारोदार खात फिरते. मुलगा वाईट नव्हता. आईवर जीव होता, पण व्यापाऱ्याचं घर. नावाला फार जपायचा. आल्या आल्या दारातच सुरू झाला.

"आई, लोक काय बोलून राह्यले माहीत हाये? एवढ्या मोठ्या दुकानदाराची बायको, अन् वाटी घेऊन घरोघरी!"

"वाटी मी नेत नाई," काकू म्हणाल्या. "वाटी त्यांचीच असते."

"मजाक नको करू. सामान बांध. नागपूरले पलंग टाकला, कूलर लावला, बाई ठेवली. तुले काईच करायचं नाई. पडून राह्यचं अन् पेज प्यायची."

मी जिन्यात होतो. काकूंनी स्वर बदलला नाही, पण पलंगाची कड घट्ट धरली होती.

"बाळू, तिकडं गेली तर मी पलंगावरच जाईन. उठणं विसरून जाईन. इथं मी माह्या पायानं कुसुमच्या दारात जाते. ते सुटलं का मंग माह्याजवळ काई नाई."

"तसं काई नाई होत. आराम पाह्यजे तुले."

"बरं. मंग आधी तू."

"काय आधी मी?"

"हा पलंग. आजचा दिवस पडून राह्य. पेज मी करते. संध्याकाळी तू म्हणशील तर जीपमध्ये बसते."

मुलगा हसला. आठवडाभर गिऱ्हाइकांसमोर उभा राहणारा माणूस तो. दिवसभर पडून राहायचं, याच्याइतकं सोपं काय? शर्ट खुंटीला अडकवून आडवा झाला. पहिला तास घोरला. मग जागा झाला. मग कूस बदलली. मग छताकडे बघितलं. पाणी प्यायला उठला तर काकू भिंत धरत आल्याच. "काय पाह्यजे? मी देते. तू पडून राह्य." दुपारी पेज आली. तासाभरानं पुन्हा पेज. कुसुमताई डोकावल्या आणि घाबरून ओरडल्या, "अगंबाई, दादाले काय झालं?" काकू म्हणाल्या, "काई नाई. आराम करून राह्यला." कुसुमताई पदर डोळ्यांना लावून, मान हलवत गेल्या. मग चक्कीवाल्या वहिनी आल्या, त्यांनीही मान हलवली. कंपाउंडरांची बायको तर त्याच्या पायाशी बसून म्हणाली, "तूर बंद करा, दादा."

मी हे सगळं जिन्याच्या पायरीवर बसून पाहत होतो. सुट्टीचा दिवस इतका सार्थकी क्वचितच लागला असेल.

उन्हं उतरली तेव्हा तो उठून बसला. केस विस्कटलेले, चेहरा ओढलेला, एका दिवसात दहा वर्षांनी मोठा.

"आई," हळूच म्हणाला, "कंबर धरली वो."

"माही वर्षापासून धरली हाये. म्हून तर चालते."

 काकू त्याच्याजवळ बसल्या, त्याचे केस सारखे केले.

"मी कवा जाईन ते माह्या हातात नाई, बाळू. डॉक्टरच्याई नाई. पण तवापर्यंत काय करीन, तेवढं मले ठरवू दे."

 मग चौथ्या घरातून झुणक्याचा वास आला की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. मुलगा उठला, शर्ट घातला, माझ्यापाशी आला आणि माझ्या हातातलं स्टूल काढून घेतलं. काकू पुढे आणि तो मागे. कुसुमताईंच्या दारात त्याच्याही हातात पेला आला. यमुनाबाईंकडे तर तो ओट्यावर मांडी घालूनच बसला. पेजेवर दिवस काढलेला माणूस. दोन भाकरी उडवल्या. जीप रात्री रिकामीच गेली. त्यानंतर दर रविवारी तो यायचा, फक्त स्टूल धरायला. रविवारी मी बेकार.

दिवाळीपर्यंत गल्ली पुरी झाली. मग पुरी होईनाशी झाली. पाय सुजू लागले, डोळ्यांत पिवळेपणा आला. नवीन औषधाचं नाव डॉक्टरीणबाईंनी काढलं नाही. दुखण्याची गोळी वाढवली आणि म्हणाल्या, आता मन होईल तेवढंच. एका संध्याकाळी काकू कंपाउंडरांच्या दारात स्टुलावर बसल्या आणि उठल्या नाहीत. समोर यमुनाबाईंचं घर दिसत होतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "चाल, मागं फिरू."

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरांच्या ओट्यावर यमुनाबाई वाटी घेऊन बसलेल्या.

"तू इथं काऊन?"

"आमच्या भिंतीले रंग देऊन राह्यले ना. डोकं दुखते वासानं."

यमुनाबाईंच्या भिंतींना मातीचा पोतेरा सोडून आयुष्यात काही लागलं नव्हतं. काकूंनी वाटी घेतली. पुढच्या आठवड्यात यमुनाबाई आणि कंपाउंडरांची बायको दोघी चक्कीच्या ओट्यावर सापडल्या. म्हणे लाईट गेली, हवेला बसलोय. लाईट होती, चक्की धडधडत होती आणि त्या दोघी तिच्या आवाजावर मात करत ओरडून बोलत होत्या. मग तिघी कुसुमताईंकडे. आणि शेवटी चौघी आमच्याच ओट्यावर, बंद दुकानाच्या फळ्यांना पाठ टेकून, समोर चार वाट्या मांडून. आता काय कारण सांगतील म्हणून मी कान टवकारले होते. पण काकूंनी विचारलंच नाही.

त्या आतल्या खोलीतून निघायच्या. मधलं रिकामं दुकान ओलांडायचं. एक हात भिंतीवर, त्याच हळदीच्या बोटांवरून, पण आता खालच्या. दुसरा माझ्या खांद्यावर. गुळाच्या भेल्या ठेवायची फळी आली की थोडं थांबायचं. मग उंबरठा. उंबरठ्यावर टेकल्या की म्हणायच्या, "आज लय चालली बाप्पा मी." आणि चौघी एका सुरात म्हणायच्या, "हो ना वो काकू, लय चालल्या."

थंडी पडली होती तेव्हाची ती संध्याकाळ. रविवार नव्हता. दुकान ओलांडायला आम्हांला फार वेळ लागला. उंबरठ्यावर मी स्टूल ठेवलं, काकू टेकल्या, डोळे मिटून घेतले. दुधाला नको म्हणाल्या. वरणभाताला हात लावला नाही. अंड्याकडे बघून नुसत्या हसल्या. चौघी एकमेकींकडे बघू लागल्या. कुणाला काही सुचेना, आणि कुणाला काही सुचेना की जो माणूस बोलतो तो मीच.

"काकू, एक घास खा ना."

बोललो आणि जीभ चावली. चौघींच्या माना माझ्याकडे वळल्या. काकूंनी डोळे उघडले. त्या पिवळ्या डोळ्यांत दुकानातलं ते जुनं काहीतरी क्षणभर चमकलं.

"आधी तू."

मी खाली बसलो. दूध प्यालो. वरणभात खाल्ला, गार झालेला, तूप थिजलेलं. अंडं खाल्लं. काकू एकेका घासाकडे लक्ष देऊन बघत होत्या, मी नापास होतो की काय म्हणून. मग यमुनाबाईंचा झुणका. पहिला घास बरा गेला. दुसऱ्याला कान गरम झाले. तिसऱ्याला डोळ्यांतून धारा लागल्या, आणि काही केल्या थांबेनात. बाहीनं पुसावं तर पुसता येईना.

"काऊन रडून राह्यला?"

"तिखट आहे, काकू."

यमुनाबाईंनी तोंड उघडलं. काकूंनी हात जरासा वर केला, आणि त्या गप्प बसल्या.

"हो बाप्पा," काकू म्हणाल्या. "यमुनाचा हात जडच हाये तिखटाले."

मग सुजलेल्या हातानं त्यांनी पाण्याचा गडवा माझ्याकडे सरकवला. सरकवताना थोडं पाणी सांडलं. माझ्या वाटीतला झुणका चिमटीत घेतला, अगदी एवढासा, जिभेवर ठेवला, आणि सगळ्या जणींकडे बघत ओठांतून लांब सू करत हवा ओढली.